पिळाची कांडी सरळ दिसते, मणी मात्र तिसऱ्या दिवशी तडकतो

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतल्या स्टीलच्या डब्यातून ‘टिक’ असा आवाज आला. डब्यात सकाळी सळईवरून काढून धुवून ठेवलेले अकरा काचेचे मणी होते. दुधी मणी आणि त्यावर फिरोजी-हस्तिदंती पिळाचं वेटोळं. पीळ म्हणजे दोन रंगांच्या काचा एकत्र पिळून ओढलेली बारीक कांडी. झाकण उघडून एकेक मणी दिव्याखाली फिरवला. नवव्या मण्याला पिळाच्या कडेकडेने केसासारखा तडा गेला होता. नखाला लागत होता. तिसऱ्या दिवसापर्यंत अकरापैकी सात गेले. मंगळागौरीसाठी सांगितलेल्या माळांचे मणी होते ते, आणि माळा द्यायला पाच दिवस उरले होते.

लॅम्पवर्कचे, म्हणजे ज्योतीवर काच वितळवून सळईवर गुंडाळलेले, मणी करणाऱ्या ओळखीतल्या तिघीचौघींनी मला हेच सांगितलंय: साधा मणी टिकतो, ठिपक्यांचा टिकतो, पिळाचा तेवढा जातो, आणि तोही लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी. मला हे कोडं सोडवायला दीड महिना आणि चार खेपा लागल्या. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी मी काय काय चुकीचं केलं ते. भट्टीत मणी ५२० अंशांवर अर्धा तास ठेवत होते, तो एक तास केला. मग दोन तास. गार होण्याचा वेग निम्म्यावर आणला. मणी सळईला चिकटू नये म्हणून तिला लावायचा लेप बदलला. सिलेंडर बदलला. बडोद्यात ऑगस्टमध्ये हवा ओली असते म्हणून कांड्या तव्यावर कोमट करून घेतल्या. एक खेप अख्खी टिकली, त्यामुळे मला वाटलं सापडलं. पुढच्या खेपेत दहापैकी सहा गेले. हे असं कधी हो, कधी नाही होणं फार फसवं असतं. आपण शेवटी जे केलेलं असतं त्यालाच श्रेय देऊन मोकळे होतो.

सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यभर प्रयोगशाळेची काच जोडली. नळ्या, तोट्या, कंडेन्सर. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माळ्यावर त्यांची हत्यारं अजून आहेत. चौथी खेप गेली तेव्हा ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “अगं, भट्टीला कशाला बोल लावतेस? तडा कुठून निघालाय आणि कुठे गेलाय ते बघ आधी.”

तडा वाचायला शिका

भिंग घ्या, मणी खिडकीशी धरा आणि तड्याची वाट बघा.

तडा भोकापासून निघून सगळे रंग ओलांडत सरळ बाहेर आला असेल, तर दोष गार होण्यात आहे. मणी ज्योतीबाहेर जास्त वेळ राहिला, किंवा भट्टीत जाण्यापूर्वी थंड पडला, किंवा नुसता व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या भुग्यात) खुपसून ठेवला. व्हर्मिक्युलाइट मण्याला सावकाश गार करतो, पण ॲनिलिंग, म्हणजे भट्टीत ठरावीक तापमानाला धरून आतला ताण सोडवणं, करत नाही. हे दोन वेगळे आहेत.

पिळाच्या सुरुवातीला किंवा शेवटाला शिंपल्यासारखा टवका उडाला असेल, तर ते टोक मण्यात नीट मुरलं नव्हतं आणि खाली हवा राहिली होती. टोक परत तापवून दाबलं की झालं.

तडा पिळाच्या पट्टीला सोबत घेऊन, तिच्या कडेने धावत असेल, तर दोन काचांचं जमत नाहीये. माझे सातही मणी असेच गेले होते. मण्याच्या पोटाची काच गार होताना जास्त आक्रसते आणि वरची पट्टी कमी, तेव्हा ओढाताण कडेला होते आणि पट्टी सुटायला बघते. उलट असेल, म्हणजे पट्टी जास्त आक्रसणारी आणि पोट कमी, तर पट्टीच्याच अंगावर आडव्या बारीक रेघा पडतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. कुंभाराच्या चकाकत्या भांड्यावर जाळी पडते ती याच कारणाने. रेघ कडेने आहे की आडवी, एवढ्यावरून कोणती काच जास्त आक्रसणारी ते समजतं.

आता आकडे. आपण जी ‘मऊ’ काच वापरतो, इटलीची मोरेत्ती किंवा एफेत्रे, तिचा सीओई, म्हणजे उष्णतेने वाढण्याचा आकडा, १०४. म्हणजे एक मीटरची कांडी एका अंशाने तापली तर साधारण १०.४ मायक्रॉनने वाढते, गार झाली की तेवढीच आक्रसते. बुल्सआय या अमेरिकन कंपनीची काच ९०. प्रयोगशाळेची बोरोसिलिकेट ३३. समजा १०४ च्या मण्यावर ९० ची पट्टी बसवली. काच साधारण ४५० ते ५०० अंशांच्या खाली आली की ती हलून ताण सोडू शकत नाही, तिथून खोलीच्या तापमानापर्यंत ४५० अंशांचा फरक धरा. दहा मिलिमीटरच्या मण्यात दोन काचांच्या आक्रसण्यात सहा मायक्रॉनचं अंतर पडतं. केसाच्या जाडीचा सुमारे दहावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण काच ओढली गेली तर एवढ्यावर तुटते. भट्टीत दोन तासच काय, दोन दिवस ठेवलं तरी हे अंतर मिटत नाही. ॲनिलिंगने गार होण्यातला ताण जातो, न जुळणाऱ्या काचांमधला ताण जात नाही. माझा सगळा दीड महिना हे न समजल्यामुळे गेला.

मग तिसऱ्या दिवशीच का? काचेच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारे ओरखडे असतात. ताणाखालच्या ओरखड्याच्या टोकाशी हवेतली वाफ पोचली की तिथले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध हळूहळू तुटत जातात, आणि ओरखडा तासातासाने पुढे सरकतो. तो पुरेसा लांब झाला की ‘टिक’. पावसाळ्यात हे जास्त होतं, त्यात आपण भोकातला लेप काढायला मणी पाण्यात घासतो. म्हणून हिवाळ्यात केलेले मणी मार्चपर्यंत नीट राहिले म्हणजे काचा जुळल्या, असं समजू नका. जूनमध्ये डबा उघडा आणि मग बोला.

पीळ ही खोट लपवतो

सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटतं, आणि हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

दोन न जुळणाऱ्या काचा शेजारी शेजारी ठेवून तार ओढली तर ती गार होताना धनुष्यासारखी वाकते. जी काच जास्त आक्रसते ती आतल्या बाजूला येते. त्यामुळे साधी दुरंगी कांडी खोटी असेल तर हातात घेताच समजते. पण त्याच दोन काचांना पीळ दिला, की जास्त आक्रसणारी काच एकदा वर, एकदा डावीकडे, एकदा खाली अशी फिरत राहते. वाकायला तिला एक दिशाच सापडत नाही. दर फेऱ्याला ओढ फिटते आणि कांडी सुतासारखी सरळ निघते. सरळ, चकचकीत, बघत राहावी अशी. ताण आत तसाच असतो.

शिवाय ती कांडी सुटी असताना तडकतही नाही, कारण ती बारीक असते. ताण तेवढाच असला तरी बारीक थरात तडा पुढे ढकलायला लागणारा जोर साठत नाही, जाड थरात साठतो. म्हणूनच तो कधी हो, कधी नाही असा खेळ. ज्या खेपेत मी पीळ बारीक ओढून, पसरून बसवला ती टिकली. ज्या खेपेत पीळ टपोरा, उठावदार ठेवला ती गेली. मी मात्र श्रेय सिलेंडरला दिलं.

मी कांडी विकत घेतली होती. पाव किलो, तयार पिळाची. देणाऱ्याने “सगळी एकशे चारच आहे” असं ठामपणे सांगितलं होतं, आणि मी वरवर पाहून, सरळ आहे, बुडबुडे नाहीत, रंग छान आहेत म्हणून घेतली. मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. त्यालाही बहुधा कुणीतरी तसंच सांगितलेलं असणार.

परीक्षा: पीळ उलटा सोडवा

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. काचेचा पीळ मात्र जाळावरच सोडवता येतो, आणि अण्णांनी मला ते करून दाखवलं.

पिळाच्या कांडीचा सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांना कुठल्याही काचेची कांडी चिकटवून धरायला मुठी करा. मधला दोन सेंटिमीटरचा भाग मंद ज्योतीत मऊ होऊ द्या आणि पिळाच्या विरुद्ध दिशेने सावकाश फिरवा. रेघा तिरक्या असतात त्या हळूहळू सरळ होत जातात, मग कांडीला समांतर होतात. इथेच थांबा. आणखी फिरवलंत तर उलटा पीळ पडेल. आता तो भाग लाल असतानाच ज्योतीबाहेर काढून एक मिलिमीटरहून बारीक तार ओढा, फूटभर लांब. हात स्थिर धरा, गार होऊ द्या, मग एका टोकाशी तोडून फरशीच्या सरळ रेघेवर ठेवा.

माझी तार चमच्याच्या दांड्यासारखी वाकली. हस्तिदंती आत, फिरोजी बाहेर. म्हणजे पिळातल्या दोन रंगांचंच आपसांत पटत नव्हतं, मण्याची गोष्ट पुढचीच.

मण्याच्या काचेशी जुळतं का ते बघायला दुसरी तार. तुमच्या पोटाच्या काचेची कांडी आणि पिळाची कांडी, दोन्हींची टोकं वितळवून शेजारी शेजारी चिकटवा, चिमट्याने चपटी करा, पुन्हा तापवा, पुन्हा चपटी करा आणि मग तार ओढा. ओढताना बोटांत अजिबात फिरू देऊ नका. थोडाही पीळ पडला की तार सरळ येईल आणि परीक्षा खोटी ठरेल. माझी इथेही वाकली, माझी दुधी काच आतल्या बाजूला घेऊन. तडा कडेने का गेला त्याचा हा पुरावा.

थोडीशी वाकली तर काय? फूटभर तारेला मध्यावर एखाद-दोन मिलिमीटरची झुकणी मी चालवून घेते, तीसुद्धा पीळ बारीक बसवायचा असेल तर. बोटभर वाकली की ती कांडी मण्यासाठी संपली.

परीक्षा: जुना मॉनिटर आणि गॉगल

काचेतला ताण डोळ्यांनी बघता येतो. प्रयोगशाळेत त्यासाठी यंत्र असतं. आम्ही मुलाचा जुना एलसीडी मॉनिटर आणि स्कूटरवर लावायचा पोलरॉइड गॉगल वापरला. एलसीडीतून येणारा प्रकाश मुळातच एका दिशेत कंप पावणारा असतो. पडदा पूर्ण पांढरा करा, गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरून फिरवत जा. एका कोनात पडदा काळा होतो. तिथे हात स्थिर ठेवा. आधी प्लास्टिकची पारदर्शक फूटपट्टी मध्ये धरून बघा. इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसले तर मांडणी बरोबर आहे.

आता नमुना. अपारदर्शक काचेतून प्रकाश जात नाही, म्हणून तुमच्या बिनरंगी काचेची एक छोटी टिकली करा आणि तिच्या मधोमध पिळाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा वितळवून मुरवा. ही टिकली भट्टीत ॲनील करूनच मॉनिटरसमोर धरा. हे विसरू नका. न ॲनील केलेली काच कितीही जुळणारी असली तरी चमकतेच, आणि चांगली कांडी तुम्ही उगाच बाद कराल. ॲनील झालेल्या टिकलीत दाण्याभोवती काळोखच राहिला तर काचा जुळल्या. दाण्याभोवती उजळ प्रभावळ दिसली तर ताण आहे. जितकी उजळ तितका जास्त.

मी डब्यातल्या उरलेल्या चार ‘धड’ मण्यांसारखीच एक टिकली करून धरली. काळ्या पडद्यावर दाण्याभोवती चार पाकळ्यांचं पांढरं फूल उमटलं. दिसायला सुंदर. ते चारही मणी मी त्याच दिवशी बाजूला काढले. माळेत ओवून कुणाच्या गळ्यात तडकण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक. आकडा सारखा म्हणजे काचा जुळल्याच, असंही नाही. सीओईचा आकडा साधारण ३०० अंशांपर्यंतच्या वाढीवरून काढतात. पण त्याच्या वर, काच घट्ट होत जाण्याच्या टप्प्यात, एक काच आधी घट्ट झाली आणि दुसरी नंतर, तरीही ताण राहतो. पत्रिकेत गुण जुळले तरी माणसं बघावीच लागतात, तसं डब्यावरचा आकडा वाचून झाला तरी तार ओढून बघावीच लागते.

स्वतः पीळ ओढताना येणाऱ्या अडचणी

मी त्यानंतर पीळ घरीच करायला लागले. पोट ज्या घराण्याच्या काचेचं, पीळही त्याच घराण्याचा. मुरानोच्या कारागिरांचीही हीच सोय होती. व्हेनिसने १२९१ मध्ये काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या आणि १५२७ मध्ये तिथल्या दोन भावांनी पिळाच्या कांड्यांच्या कामाचा हक्क सरकारकडे मागितला. पांढरी काच आणि बिनरंगी काच तिथे एकाच छपराखाली वितळायची. आपण मात्र एक कांडी इथून, एक तिथून आणतो.

पहिली अडचण सगळ्यांना येते ती असमान पिळाची: मध्ये घट्ट, टोकांना सैल, किंवा एका बाजूला झुकलेला. याचं मूळ हातात नसतं, गोळ्याच्या उष्णतेत असतं. पाच-सहा मिलिमीटरच्या दोन कांड्या जोडून साधारण दोन सेंटिमीटरचा गोळा केला, तर त्यातून तीन मिलिमीटर जाडीची साठेक सेंटिमीटर कांडी निघते. हा गोळा आतून-बाहेरून सारखा तापलेला हवा. बाहेरून नारिंगी दिसतो तेव्हा आत अजून कडक असतो. मी तो मधासारखा लोंबायला लागेपर्यंत तापवते आणि मग ज्योतीबाहेर काढून फिरवत फिरवत मनात पाच मोजते. नारिंगी रंग उतरून त्यावर किंचित साय धरल्यासारखं होतं. ती साय महत्त्वाची. त्याआधी ओढलंत तर मध्येच धागा होतो आणि दोन्ही टोकांना गोळे राहतात. ज्यांनी पाक केलाय त्यांना हे पटकन कळेल: एकतारी पाक उचलला तर तुटतो, दोनतारी झाला की हाताबरोबर येतो.

मग ओढायला सुरुवात अगदी हळू, आणि पीळ ओढीबरोबरच. आधी ओढून मग पीळ द्यायला गेलात तर बारीक झालेला मधला भाग गार होऊन कडक झालेला असतो, पीळ तिथे बसतच नाही, टोकांना गोळा होतो. काच घट्ट होऊ लागली की ओढीचा जोर वाढवा, पीळ चालू ठेवा. शेवटी दहा सेकंद दोन्ही हात ताणून स्थिर धरा, नाहीतर कांडी मध्ये झुकते. तीन मिलिमीटरच्या कांडीला सेंटिमीटरमागे दोन ते तीन फेरे मला पुरेसे वाटतात. त्याहून घट्ट पीळ हातात देखणा दिसतो, पण मण्यावर बसवताना ओढला जाऊन रंग एकमेकांत मिसळतात आणि चिखल होतो.

दुसरी अडचण बडोद्याच्या उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, खोलीत ज्योत, साहजिकच पंखा लागतो. पंख्याचा झोत कांडीच्या एका अंगाला गार करतो आणि दुसरं अंग मऊ राहतं. पीळ एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला ताणलेला येतो, कांडी नागमोडी होते. मला हे कळायला एक अख्खा उन्हाळा लागला. आता कांडी ओढायची ती सकाळी सहा ते आठ, पंखा बंद, धूर ओढणारा फॅन मात्र चालू. तो बंद करायचा नाही, कधीच.

बुडबुडे येत असतील तर जोडताना घाई होतेय. दोन कांड्या आडव्या एकदम टेकवल्या की मधल्या फटीत हवा कोंडते. एका टोकाला चिकटवा आणि चेन लावावी तशी टोकापासून टोकापर्यंत हळूहळू मिटवत जा. आत राहिलेला एक बुडबुडा कांडीत ताणला जाऊन हातभर लांब करडी रेघ होतो.

रंगांबद्दल थोडं. हस्तिदंती आणि फिरोजी शेजारी आले की मधे काळसर रेघ उमटते. तो दोष नाही. हस्तिदंतीतलं गंधक आणि फिरोजीतलं तांबं यांची ती भेट आहे. नको असेल तर मधे बिनरंगी काचेची बारीक कांडी घाला. फिरोजीवर विटकरी कळा आली तर ज्योतीत ऑक्सिजन कमी पडतोय. काळा रंग बारीक ओढल्यावर जांभळा दिसतो, कारण बऱ्याच काळ्या काचा म्हणजे गर्द जांभळ्याच असतात. सोनेरी चकाकीची ॲव्हेंच्युरिन काच उघडी तापवली तर तिच्यातले तांब्याचे कण विरून जातात आणि तपकिरी मळ उरतो. तिला बिनरंगी काचेत पूर्ण गुंडाळूनच पिळात घ्या.

कांडी ज्योतीत नेताच फट्‌कन उडत असेल तर तिचं जाड टोक थेट जाळात जातंय. टोकाचा गोळा निपरने (कापायच्या पकडीने) कापून टाका आणि कांडी ज्योतीच्या शेंड्याशी, लांबून, आत-बाहेर करत आणा. तीन-चार मिलिमीटरपर्यंतच्या कांडीला ॲनिलिंग लागत नाही. सहाच्या वर गेली की लागतं.

बसवताना पीळ उलगडतो ही तक्रारही ऐकते. कांडी मण्यावर टेकली की मणी फिरतो आणि हातातली कांडी बोटांत नकळत वळते. पिळाच्याच दिशेने तिला किंचित वळण देत राहा, म्हणजे फेरे कायम राहतील. ज्योत कांडीवर नको, कांडी आणि मणी जिथे भेटतात त्या ठिकाणी हवी. उजवा पीळ आणि डावा पीळ अशा दोन कांड्या करून शेजारी शेजारी बसवल्या तर मधे कणसाच्या दाण्यांसारखी किंवा वेणीसारखी नक्षी उठते. मला स्वतःला या कामातलं सगळ्यात आवडणारं हेच आहे.

विकत घ्यायचीच असेल तर

सगळ्यांना पीळ ओढायला वेळ नसतो, हे मान्य. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर काचमण्यांसाठी ओळखलं जातं, फिरोजाबाद बांगड्यांसाठी. ती काचही सोडा-चुन्याचीच, आणि तिथल्या कारागिरांचा हात आपल्यापेक्षा कितीतरी सराईत. अडचण त्या काचेत नाही, ती आपल्या इटालियन काचेत मिसळण्यात आहे. तिथला पीळ घ्यायचा तर पोटाची काचही त्याच माणसाकडून, त्याच भट्टीची मागा. मणी अख्खा एका घराण्याचा झाला की सीओईचा आकडा माहीत नसला तरी बिघडत नाही. हा मला सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा मार्ग वाटतो, आणि तो फार कमी जणी वापरतात.

विक्रेत्याला “सीओई किती?” एवढंच विचारू नका. पीळ कोणत्या कांड्यांपासून ओढला, त्या कांड्यांचे सुटे तुकडे मिळतील का, ते विचारा. ज्याने स्वतः ओढलाय तो देतो. आधी चार कांड्या घ्या, पाव किलो नको. घरी आणून पीळ सोडवा, तार ओढा, टिकली करा, आणि टिकली पंधरा दिवस पाण्याच्या वाटीत ठेवून बघा. पाण्यात टिकली तर मणी पावसाळाही काढेल.

आणि बांगडीचे तुकडे, बाटलीची काच, खिडकीची काच पिळात मिसळू नका. प्रत्येकीचं आक्रसणं वेगळं.

खंभात इथून जवळ. तिथे अकीकाचे मणी लाल करायला मडक्यात घालून मंद धगीत तापवतात आणि मडकं आपोआप गार होईपर्यंत थांबतात. घाई केली की दगड फुटतो. एकदा तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मी माझे तडकलेले मणी दाखवले होते. त्याने एक मणी बोटांत फिरवला आणि विचारलं, “आ बे काच एक ज घरना छे?” म्हणजे या दोन काचा एकाच घरच्या आहेत का? दीड महिन्यानंतर मला जे समजलं ते त्याने पहिल्या प्रश्नातच विचारलं.

मंगळागौरीच्या माळा मी साध्या ठिपक्यांच्या मण्यांच्या करून दिल्या आणि ज्या काकूंनी त्या सांगितल्या होत्या त्यांना कारण सांगितलं. त्यांनी दोन माळा पुढच्या वर्षासाठी पिळाच्याच सांगून ठेवल्यात. त्या झाल्या आहेत, जूनपासून वाटीत आहेत, अजून एकही गेलेला नाही.

उरलेली विकतची कांडी फेकली नाही. जाळाशी संबंध नसेल तर तिला काही होत नाही. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून मी ते अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवले. कुणी करणार असेल तर कापलेली टोकं पाण्याखाली कार्बोरंडमच्या दगडावर घासून गोल करा, कारण रोज पाणी घालताना तिथे हात टेकतो.